मास्तर शेजारी की पुढे?

सायकल शिकताना काका माझ्या मागे होते. तासाच्या भाड्यानं आणलेली सायकल, जेमतेम पेडलला टेकणारे पाय आणि काकांचा हात कॅरिअरला. ‘पुढे बघ, मी धरलंय,’ एवढंच मागून ऐकू यायचं. एका चकरेत तोच आवाज बराच लांबून आला. काकांनी हात केव्हाच सोडलाय हे मला तेव्हा कळलं, आणि कळल्याबरोबर मी गटाराच्या कडेला जाऊन आडवा झालो. वीसेक वर्षांनी मोटार शिकलो, तेव्हा मास्तर डाव्या सीटवर शेजारीच बसलेले. पायाशी त्यांचा वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. ते माझ्या हातांकडे बघायचे आणि मी चोरून त्यांच्या तोंडाकडे. गिअर चुकला की त्यांची भुवई वर जायची, बोलावं लागायचं नाही.

शिकवणारा शेजारी बसावा की मागेपुढे, हा प्रश्न सायकल आणि मोटारीच्या बाबतीत वस्तूनंच सोडवून टाकलाय. विमानाच्या बाबतीत तसं नव्हतं. दोन माणसं कशीही बसवता येत होती. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत ब्रिटनमध्ये डझनावारी कंपन्यांनी दोन आसनांची हलकी शिकाऊ विमानं बांधली. काहींनी आसनं एकापुढे एक ठेवली, काहींनी बाकावर बसल्यासारखी शेजारी-शेजारी. त्यातली बहुतेक विमानं आज नावालाही उरलेली नाहीत. काहींचा एकेक नमुना आहे, तो उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी उडतो आणि बाकीचे दिवस हँगरमध्ये झाकून असतो. या दुर्मीळ विमानांकडे कौतुकाची वस्तू म्हणून बघणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यांच्यात न मिटलेल्या वादाचे पुरावे दिसतात. शेजारच्या आसनाची बाजू त्या वादात हरली असं सर्रास समजलं जातं. ती नक्की कुठे आणि कशामुळे हरली, हे जरा तपासून बघण्यासारखं आहे.

सुरुवात इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टपासून करावी लागते. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी वैमानिक ‘शिकवले’ जात असं म्हणणं म्हणजे भाषेची उधळपट्टी. अगदी आरंभीच्या काही विमानांत शिकणारा मास्तरांच्या पाठीला चिकटून बसायचा आणि त्यांच्या खांद्यावरून हात घालून दांडा पकडायचा. रॉबर्ट स्मिथ-बॅरी हा फ्रान्समध्ये ६० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा प्रमुख होता. अर्धवट शिकलेली पोरं आपल्या हाताखाली पाठवली जातात आणि मरतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि वरिष्ठांना पत्रांनी भंडावून सोडलं. शेवटी १९१७ मध्ये त्याला गॉस्पोर्टला शाळाच काढून दिली. त्यानं एव्ह्रो ५०४ हे विमान घेतलं, दोन्ही कॉकपिटांत पूर्ण नियंत्रणं बसवली, शिष्याला वैमानिकाच्या खऱ्या जागी म्हणजे मागे बसवलं आणि मास्तरांना पुढे. ज्या गोष्टींची भीती वाटते त्या टाळायच्या नाहीत, मास्तर सोबत असताना मुद्दाम करायच्या, हे त्याचं सूत्र. विमान भोवऱ्यासारखं गिरक्या घेत खाली येऊ लागलं की त्यातून बाहेर कसं पडायचं, हे त्याच्या शाळेत गिरक्या घेऊनच शिकवत.

पण पुढे बसलेला मास्तर मागच्याशी बोलणार कसा? इंजिनाचा आवाज, वाऱ्याचा मारा, आणि मध्ये दोन काचा. त्यावर निघालेला उपाय म्हणजे गॉस्पोर्ट नळी. एका टोकाला तोंडाशी धरायचं नरसाळं, दुसऱ्या टोकाला शिष्याच्या चामडी टोपीत कानांजवळ बसवलेल्या नळ्या. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप उलटा वापरावा तशी युक्ती. ना वीज, ना तारा, नुसती रबरी नळी. तिच्यातून येणारा आवाज दबका आणि घोगरा असायचा, पण ‘डावा पाय दे’ एवढं कळायचं. या स्वस्त नळीनं पुढेमागे बसण्याच्या पद्धतीतली सगळ्यांत मोठी अडचण दूर केली आणि वायुदलाला तिची सवय लागली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत लाखो तासांचं शिक्षण या नळीतून गेलं. शेजारच्या आसनाचा पहिला पराभव नळीनं केला म्हणायला हरकत नाही. तो झाला तेव्हा त्या आसनाची विमानं बाजारात नीट आलीही नव्हती.

युद्ध संपलं, विमानं ढिगानं उरली, कारखाने रिकामे झाले. यॉर्कशरमधल्या रॉबर्ट ब्लॅकबर्नच्या कंपनीनं १९१९ मध्ये ‘साइडकार’ नावाचं चिमुकलं विमान काढलं. मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसतात तशी दोन माणसं शेजारी बसणार. ते लंडनच्या हॅरॉड्स दुकानात चक्क मांडून ठेवलं होतं, साड्यांच्या दुकानात पैठणी मांडावी तसं. ते चाललं नाही. पण ब्लॅकबर्नच्या डोक्यातून शेजारी बसवण्याची कल्पना गेली नाही, आणि या गोष्टीतलं खरं पात्र ही कंपनीच आहे.

१९२४ मध्ये ब्रिटनच्या हवाई मंत्रालयानं लिंपनीच्या मैदानावर दोन आसनी हलक्या विमानांची स्पर्धा ठेवली. इंजिन ११०० सीसीच्या आतलं हवं, अशी अट. म्हणजे मोटारसायकलच्या घराण्यातलं इंजिन घेऊन दोन धडधाकट माणसं हवेत न्यायची. हॉकर कंपनीत नुकत्याच आलेल्या सिडनी कॅमनं या स्पर्धेसाठी ‘सिग्नेट’ केलं. पुढे ‘हरिकेन’ हे लढाऊ विमान करणारा कॅम तो हाच. ब्लॅकबर्नचं शेजारी आसनांचं ‘ब्लूबर्ड’ याच स्पर्धेसाठी बांधायला घेतलं होतं, ते वेळेत तयारच झालं नाही. त्याचं इंजिन ब्लॅकबर्न नावाच्याच पण वेगळ्या कंपनीचं, स्पेलिंगला शेवटी एक ‘ई’ जास्त. नावांचा हा घोळ आजही अभ्यासकांना छळतो.

स्पर्धेत विमानं उडाली खरी, पण वर्गात चालवता येईल असं त्यातून काही हाती आलं नाही. इतक्या लहान इंजिनावर रोज धडे देणं म्हणजे छकड्याला बकरी जुंपणं. जेफ्री डी हॅविलंडनं हे वेळीच ओळखलं आणि स्पर्धेकडे पाठ फिरवली. त्याचा मित्र फ्रँक हॅलफर्डनं युद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरच्या रेनॉ इंजिनाच्या सुट्या भागांतून अर्धं, म्हणजे चार सिलिंडरचं इंजिन जमवलं. ६० अश्वशक्तीचं हे ‘सिरस’. ते बसवून २२ फेब्रुवारी १९२५ रोजी स्टॅग लेनवरून डी हॅविलंडचं ‘मॉथ’ उडालं. आसनं पुढेमागे, पंख दुमडणारे, त्यामुळे एखाद्या शेडमध्येही ठेवता येणारं.

त्याच वर्षी सर सेफ्टन ब्रँकर हे नागरी विमानखात्याचे प्रमुख फ्लाइंग क्लबांना सरकारी मदत द्यायची योजना पुढे रेटत होते. क्लबांसाठी विमान हवं होतं आणि मॉथ तयार होतं. लग्नाच्या बाजारात योग्य वेळी उभं राहण्याला जे महत्त्व, ते इथंही. पहिल्या क्लबांनी मॉथ घेतली, मेकॅनिक मॉथवर तयार झाले, मॉथचेच सुटे भाग भरून ठेवले गेले. पुढे जिप्सी इंजिन आलं आणि मॉथ ६५० पौंडांत मिळू लागलं.

या एकाच विमानाचं जाळं किती दाट झालं होतं त्याची एक गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती या अंगानं सांगितली जात नाही. १९२९ च्या फेब्रुवारीत जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमधून जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिकाचा परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी इंग्लंड-भारत उड्डाणाच्या आगाखान पारितोषिकासाठी ते कराचीहून इंग्लंडकडे निघाले आणि अस्पी इंजिनीअर हा तरुण इंग्लंडहून कराचीकडे. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघं भेटले. अस्पीजवळ स्पार्क प्लग नव्हते, जेआरडींनी आपल्याजवळचे दिले आणि बक्षीस अस्पीनं नेलं. खिलाडूपणाची गोष्ट म्हणून ती बरोबरच आहे. पण एकाचे प्लग दुसऱ्याच्या इंजिनाला बसले, कारण दोघांचीही विमानं जिप्सी मॉथ होती. त्या जागी अस्पीकडे एखादं दुर्मीळ विमान असतं तर जेआरडींचं औदार्य खिशातच राहिलं असतं.

ब्लूबर्ड मात्र ब्लॅकबर्ननं सोडलं नाही. नवं पाच सिलिंडरचं जेनेट इंजिन बसवून ते १९२६ मध्ये लिंपनीला आलं आणि वॉल्टर लाँग्टन या नावाजलेल्या वैमानिकानं त्यावर ग्रोव्हनर चषक जिंकला. पुढच्या जूनमध्ये बोर्नमथच्या शर्यतीत लाँग्टनच्या ब्लूबर्डची लॉरेन्स ओपनशॉच्या वेस्टलंड विजनशी हवेत टक्कर झाली आणि दोघंही गेले. ब्लूबर्डचा सर्वांत चांगला जाहिरातदार असा गेला. तरी सफोकसारख्या क्लबांनी ब्लूबर्डवरच शिकवलं. १९२९ मध्ये लाकडाच्या जागी धातूचा सांगाडा असलेलं चौथं ब्लूबर्ड आलं. त्याची ५८ विमानं झाली, आणि त्यातली बहुतेक ब्लॅकबर्ननं नव्हे तर काउज बंदरातल्या सॉन्डर्स-रो कंपनीनं बांधली. त्यातलंच एक घेऊन श्रीमती व्हिक्टर ब्रूस सप्टेंबर १९३० मध्ये जगप्रवासाला निघाल्या. विमान चालवायला त्या शिकल्या होत्या त्याच वर्षी! महासागर विमानासह बोटीतून ओलांडून त्या परत आल्या. नवशिक्या हाताला माफ करणारं विमान याहून वेगळं कसं सिद्ध करायचं, मला तरी सुचत नाही.

आता दोन्ही बाजूंचा हिशेब मांडू.

शेजारच्या आसनाच्या बाजूनं बोलायचं तर पहिली गोष्ट भुवईची. मास्तरांना शिष्याचे हात, पाय, डोळे सगळं दिसतं. तो दांडा मुठीत आवळून धरतोय की दोन बोटांत, त्याची नजर क्षितिजावर आहे की काट्यांवर चिकटलीय, हे विचारावं लागत नाही. पुढे बसलेल्या मास्तरांना यातलं काहीच दिसत नाही. त्यांच्या हातातला दांडा शिष्याच्या दांड्याशी जोडलेला असतो, त्यामुळे हालचाल कळते, पण ती कशामुळे झाली ते कळत नाही. बरेच मास्तर म्हणून पंखांच्या खांबाला छोटा आरसा लावून घेत, रिक्षावाल्यासारखा. दुसरी गोष्ट पैशाची. एकच काच, वेग-उंची दाखवणाऱ्या काट्यांचा एकच संच, बोलायला नळीही नको, म्हणजे नळीचा खर्च आणि घोगरा आवाज दोन्ही गेले. तिसरी गोष्ट वजनाची. दोन्ही माणसं विमानाच्या तोलबिंदूजवळ बसतात, म्हणून मास्तर उतरून शिष्य एकटा उडाला तरी पुढचा-मागचा तोल ढळत नाही. मॉथमध्ये हे साधायला शिष्याला कायम मागेच बसावं लागे.

दुसऱ्या बाजूचेही मुद्दे बळकट आहेत. थंडीचे जाड कोट घातलेली दोन माणसं शेजारी बसायची म्हणजे विमानाचं धड रुंद होतं. रुंद धड म्हणजे हवेचा जास्त अडथळा, आणि ६०-८० अश्वशक्तीच्या जमान्यात अडथळ्याची किंमत रोखीनं चुकवावी लागे. डावीकडे बसलेल्याला उजवीकडचं नीट दिसत नाही, मध्ये मास्तर आणि रुंद नाक. आणखी एक सूक्ष्म भानगड आहे. विमानाचं नाक तुमच्या समोर नसून जरा बाजूला असतं, त्यामुळे सरळ चाललोय की तिरके, याचा अंदाज नवशिक्याला चुकीचा येतो आणि उतरताना चाकं वाकडी टेकतात. आणि पुढे ज्याला लढाऊ विमानात एकट्यानं मधोमध बसायचंय, त्याला पहिल्यापासून मधोमध बसण्याची सवय असलेली बरी, हे वायुदलाचं म्हणणं.

वायुदलाच्या म्हणण्यात एक न बोललेलं वाक्यही आहे. शेजारी बसलेला मास्तर हा आधार आहे. शिष्य चूक झाली की त्याच्या तोंडाकडे बघतो. पुढे फक्त चामडी टोपीची पाठ दिसत असेल तर एकटेपणाची तालीम पहिल्या तासापासून होते. माझ्या काकांनीही सायकलचा हात सोडताना मला सांगितलं नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

शेजारी आसनांच्या रॉबिन्सन रेडविंग या विमानाशी मी जरा जास्त रेंगाळणार आहे. जॉन केनवर्थी या अनुभवी अभियंत्यानं ते आखलं. त्याच माणसानं १९१९ मध्ये ऑस्टिन कंपनीसाठी ‘व्हिपेट’ हे दुमडत्या पंखांचं एकआसनी विमान केलं होतं. सामान्य माणसाला परवडेल असं, मोटारीसारखं वापरायचं विमान ही त्याची जुनी हौस. १९३० मध्ये क्रॉयडनला पहिलं रेडविंग उडालं. दुहेरी पंख, लाकडी सांगाडा, दोन आसनं शेजारी, आणि एबीसी हॉर्नेट इंजिन. पुढच्या विमानांत ८० अश्वशक्तीचं जेनेट आलं. पंख दुमडायचे, तेही एखादा क्लबचा पोरगा मदतीला घेऊन. हळू उडायचं आणि वेग फार कमी झाला तरी अंगावर येत नसे, लाडावलेल्या बैलासारखं नुसतं मान खाली घालायचं. शिकवायला याहून काय हवं?

हवं होतं गिऱ्हाईक. पहिल्या नमुन्यासह सगळी मिळून १२ रेडविंग बांधली गेली. कंपनीचं नाव बदललं, पत्ता बदलला. क्रॉयडनहून कोलचेस्टर, तिथून गॅटविक. १९३२ मध्ये तर गॅटविकचं विमानतळ या कंपनीच्या मालकीचं होतं. आज दरवर्षी कोट्यवधी प्रवाशांची ये-जा होते त्या गॅटविकचा मालक एकेकाळी फक्त बारा विमानं बांधणारा कारखाना होता, हे वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं. तो व्यवहारही फार टिकला नाही, पुढच्याच वर्षी जागा दुसऱ्याकडे गेली. रेडविंगचं एकच विमान वाचलं, त्याची नोंद जी-एबीएनएक्स.

इथवर वाचून वाटेल, बघा, शेजारी बसवणारे सगळे बुडाले. म्हणून आता पुढेमागे बसवणाऱ्यांतली बुडालेली मंडळीही बघायला हवीत. ती काही कमी नाहीत.

ऑलिव्हर सिमंड्स हा सुपरमरीन कंपनीतला माणूस. क्लबांची खरी डोकेदुखी सुट्या भागांची आहे, हे त्यानं ओळखलं. पंख एकदा मोडला की तोच पंख हवा, डावा, वरचा, अगदी तोच. त्यानं साउदॅम्प्टनच्या वुलस्टन भागात घरातच एक विमान बांधलं. त्याचे चारही पंख सारखे. डाव्याचा उजवीकडे, वरचा खाली, कुठेही लावा. शेपटीचे तुकडेही तसेच अदलाबदल करण्याजोगे. क्लबनं एकच पंख जादा ठेवला की काम भागावं. यासाठी पंखाचा छेद वर-खाली सारखा ठेवावा लागला, कारण नेहमीचा वरून फुगीर पंख उलटा लावला तर विमान वर जाण्याऐवजी खाली ओढलं जाईल. १९२८ चं हे ‘सिमंड्स स्पार्टन’. कल्पना इतकी सुंदर की हिशेबाच्या वहीत तिला तोड नाही. हवेत मात्र वरून फुगीर पंखच बरा. त्याच घराण्यातल्या पुढच्या ‘स्पार्टन ॲरो’मध्ये नेहमीच्या छेदाचे पंख परत आले. स्पार्टनची पन्नाशीही गाठली गेली नाही.

पार्नल कंपनीच्या हॅरॉल्ड बोलासनं १९२८ मध्ये ‘एल्फ’ आखलं. दुहेरी पंखांच्या विमानातल्या ताणतारा म्हणजे मेकॅनिकचा रोजचा छळ, तंबोऱ्यासारख्या जुळवत बसायच्या. बोलासनं त्या काढूनच टाकल्या आणि पुलाच्या कैच्यांसारखे तिरपे खांब लावले. तीन एल्फ झाली. मोजून तीन! हॉकरचं ‘टॉमटिट’ तर वायुदलासाठीच होतं. मागच्या कॉकपिटावर कापडी झाकण ओढून, बाहेरचं काही न बघता फक्त काट्यांवर उडायला शिकवण्याची सोय त्यात होती. १९२८ साली ही दूरदृष्टीच. तरी एकूण पस्तीसेक विमानं, कारण मोठी ऑर्डर एव्ह्रोच्या ‘ट्यूटर’ला गेली.

आणि ट्यूटर तरी कुठे उरलं? रॉय चॅडविकनं आखलेल्या या विमानाची जवळपास चारशे वायुदलानं घेतली होती. त्यातलं आज एकच उडतं, बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ संग्रहात. टॉमटिट आणि एल्फसुद्धा तिथंच. चारशेतलं एक आणि बारातलं एक. दुर्मीळपणाचा आणि गुणाचा संबंध जोडणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी बसवून बघावेत.

उलट मॉथच्या वंशातल्या ‘टायगर मॉथ’ची आठ हजारांवर झाली. त्याच्या जन्माची कथा आसनांच्या वादात महत्त्वाची आहे. वायुदलाला मॉथ हवं होतं, पण पुढे बसलेल्या मास्तरांना वरच्या पंखाच्या खालून, खांबांच्या जंगलातून पॅराशूट घेऊन बाहेर कसं पडायचं हा पेच होता. डी हॅविलंडच्या लोकांनी वरचा पंख पुढे सरकवला, मग तोल बिघडला म्हणून पंखांची टोकं मागे झुकवली. टायगर मॉथचे ते डौलदार मागे झुकलेले पंख सौंदर्यासाठी नाहीत, मास्तरांना उडी मारता यावी म्हणून आहेत. २६ ऑक्टोबर १९३१ ला ते उडालं. म्हणजे पुढेमागे बसण्याच्या पद्धतीलाही तिची किंमत होती. ती चुकवायला गिऱ्हाईक तयार होतं, एवढाच फरक.

त्याच डिसेंबरात, टायगर मॉथनंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, ब्लॅकबर्नचं बी-२ उडालं. मला स्वतःला या सगळ्या वादातला निर्णायक पुरावा हेच विमान वाटतं. १२० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन, धातूच्या पत्र्याचं मजबूत धड, आणि आसनं अर्थातच शेजारी. बाहेर फारसं विकलं गेलं नाही, एकूण ४२ झाली. पण ब्लॅकबर्नची स्वतःचीच शाळा होती, हंबर नदीकाठी ब्रो गावात. १९३० च्या दशकात वायुदल वाढू लागलं तेव्हा सरकारनं प्राथमिक शिक्षणाचं काम अशा खाजगी शाळांना कंत्राटानं दिलं. ब्रो आणि लंडनजवळचं हॅनवर्थ इथल्या शाळांत बी-२ वर मुलं शिकू लागली, युद्ध सुरू झाल्यावरही शिकत राहिली. हीच मुलं पुढे एकआसनी आणि पुढेमागे बसायच्या विमानांवर गेली. शेजारी बसून शिकलेला वैमानिक मधोमध बसायला कमी पडतो, हा आक्षेप खरा असता तर युद्धकाळात, जेव्हा प्रत्येक तास मोजला जात होता, तेव्हा या शाळांनी बी-२ सगळ्यांत आधी बाहेर काढलं असतं.

१९४२ मध्ये ती बाहेर निघाली, पण ती शिकवायला नालायक म्हणून नव्हे. टायगर मॉथ आणि मॅजिस्टर ही शिकाऊ विमानं हजारांनी येत असताना चाळीसभर वेगळ्या विमानांचे वेगळे भाग कोण सांभाळणार? उरलेली बी-२ एअर ट्रेनिंग कोअरच्या शाळकरी पोरांना दिली गेली. उडायला नव्हे. ‘हे रडर, हे एलेरॉन’ असं दाखवायला. जमिनीवर बांधून ठेवलेल्या विमानांचं पोरं काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. जी-एईबीजे हे एक बी-२ मात्र आजही उडतं.

तर हिशेब असा लागतो. शेजारच्या आसनाला क्लबांच्या बाजारात सिरस इंजिनाच्या योग्य वेळेनं आणि सरकारी मदतीनं हरवलं, वायुदलात सवयीनं आणि रबरी नळीनं, युद्धात सुट्या भागांच्या कोठारानं. शिकवण्याच्या मैदानात ते हरल्याचा पुरावा मला कुठेच सापडत नाही. त्या मैदानावर सामना खेळलाच गेला नव्हता.

युद्धानंतर तो पुन्हा सुरू झाला. वायुदलानंच १९४७ मध्ये ‘प्रेंटिस’ आणलं, आसनं शेजारी. ते जड आणि आळशी निघालं, मग पुढेमागे बसायचं ‘चिपमंक’ आलं. जेट शिकवायची वेळ आली तेव्हा ‘जेट प्रोव्होस्ट’, पुन्हा शेजारी. नंतर ‘टुकानो’, पुन्हा पुढेमागे. लंबक काही थांबत नाही.

हाच लंबक आपल्याकडेही हलला, आणि इथं एका मराठी माणसाचं नाव येतं. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात आधी प्रेंटिसच जुळवली जात होती. तिथले मुख्य आरेखक डॉ. विष्णू माधव घाटगे हे मूळचे कोल्हापूरकडचे, गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. स्वतंत्र भारताचं पहिलं शिकाऊ विमान आखताना त्यांच्यासमोर शेजारच्या आसनाचं प्रेंटिस कारखान्याच्या जमिनीवरच उभं होतं. त्यांनी आसनं पुढेमागे ठेवली. ऑगस्ट १९५१ मध्ये ‘एचटी-२’ उडालं आणि त्यानं भारतीय वायुदलातल्या टायगर मॉथ आणि प्रेंटिस दोघांचीही जागा घेतली. त्याचं इंजिन होतं सिरस मेजर. हॅलफर्डनं अर्ध्या रेनॉपासून सुरू केलेला सिरसचा धंदा फिरत फिरत शेवटी ब्लॅकबर्नच्या मालकीचा झाला होता. शेजारच्या आसनासाठी वीस वर्षं भांडलेल्या कंपनीच्या इंजिनावर घाटग्यांचं पुढेमागे बसायचं विमान उडत होतं.

एचटी-२ नंतर त्याच कारखान्यानं, म्हणजे एचएएलनं, ‘एचपीटी-३२ दीपक’ केलं, १९७७ मध्ये उडालेलं. त्यात आसनं शेजारी. त्याच्या जागी स्वित्झर्लंडचं पिलाटस आलं, पुढेमागे. आता ‘एचटीटी-४०’ येतंय, तेही पुढेमागे, पण दोघांच्याही कानात रेडिओ. मागे बसलेले मास्तर पुढच्या काचेतून शिष्याच्या खांद्यावरून डोकावतात. त्याचा चेहरा त्यांना अजूनही दिसत नाही.